कॉपीराइटचा वकील: फी कशाची, किती आणि कधी?

कथा लिहिली, गाण्याला चाल लावली, माहितीपट कापून तयार केला, की त्याचा कॉपीराइट त्याच क्षणी जन्माला येतो. त्यासाठी अर्ज, शिक्का, मुद्रांक काहीच लागत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं हा हक्क फुकट दिला आहे. खर्च पुढे तीन ठिकाणी येतो. हक्काचा पुरावा तयार ठेवायला साधारण शेकड्यांत, हक्क दुसऱ्याला देताना करार तपासायला हजारांत आणि कोणी काम ढापलं तर भांडायला लाखांत.

लेखक, गीतकार, छोटे निर्माते वकिलाचं दार सहसा तिसऱ्या टप्प्यावर ठोठावतात. त्याच वकिलाची सगळ्यात जास्त किंमत वसूल होते ती मात्र दुसऱ्या टप्प्यावर, सही करण्याआधी. म्हणून खर्चाचा हिशेब टप्प्याटप्प्यानं पाहू.

नोंदणी: सरकारी फी किती?

नोंदणी बंधनकारक नाही. पण वाद झाला तर नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते आणि ती खोटी ठरवण्याचं ओझं समोरच्यावर पडतं. २०१३च्या कॉपीराइट नियमांनुसार प्रत्येक कृतीची फी अशी:

• साहित्य, नाटक, संगीतरचना, चित्र (संगणक प्रणालीही साहित्यात मोडते): ५०० रुपये
• मालावर वापरायचं लेबल, वेष्टनावरचं चित्र: २,००० रुपये
• ध्वनिमुद्रण: २,००० रुपये
• चित्रपट (माहितीपट, लघुपट धरून): ५,००० रुपये

इथे ‘प्रत्येक कृती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीनं तीन कृती असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्ही नोंदवायच्या तर ५०० अधिक ५०० अधिक २,००० म्हणजे ३,००० रुपये. पटकथा आणि त्यावरचा लघुपट यांची नोंदणी वेगवेगळी, म्हणजे ५,५०० रुपये. उलट कवितासंग्रह एकच कृती म्हणून ५०० रुपयांत नोंदवता येतो, त्यासाठी साठ कवितांचे साठ अर्ज करावे लागत नाहीत.

अर्ज नवी दिल्लीतल्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन करता येतो. अर्ज केल्यावर डायरी क्रमांक मिळतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि मग छाननी होते. अप्रकाशित कृतीही नोंदवता येते. सहलेखक असेल तर त्याचं, आणि पुस्तक आधीच छापलं असेल तर प्रकाशकाचं ना हरकत पत्र हाताशी ठेवा. अर्ज अडकतात ते बहुतेक अशाच कागदांवर.

या कामाला वकील लागतो का? एकट्यानं लिहिलेली, कुणाच्या नोकरीत नसताना लिहिलेली मूळ कृती असेल तर नाही. फॉर्म वेळखाऊ आहे, अवघड नाही. वकील किंवा एजंट यासाठी सरकारी फीवर काही हजार रुपये घेतात. ‘सगळं मिळून इतके’ असा आकडा सांगितला तर त्यातली सरकारी फी वेगळी दाखवायला सांगा. सहलेखन, भाषांतर, रूपांतर किंवा नोकरीत केलेलं काम असेल, अथवा कोणी हरकत घेतली असेल, तर मात्र वकिलावर केलेला खर्च सार्थकी लागतो.

इथे तीन गैरसमज पैसे वाया घालवतात. पहिला, स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं हस्तलिखित पाठवून बंद पाकीट जपून ठेवलं की कॉपीराइट पक्का होतो. या पाकिटाला कायद्यात वेगळं स्थान नाही. दुसरा, मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवली की सरकारी नोंदणी झाली. ती नोंद तारखेचा चांगला पुरावा आहे आणि सदस्यांना स्वस्तात पडते, पण ती कॉपीराइट कार्यालयाची नोंदणी नव्हे. तिसरा, शीर्षकाचा कॉपीराइट मिळतो. ‘देसी बॉईज’ चित्रपटाच्या वादात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो हे स्पष्ट केलं. निर्मात्यांच्या संस्था किंवा अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ यांच्याकडे होणारी शीर्षक नोंदणी ही त्या व्यवसायातली आपसांतली शिस्त आहे.

करार: इथला पैसा सगळ्यात कामाचा

प्रकाशक, निर्माता, ऑडिओ कंपनी किंवा ओटीटीसाठी काम करणारी संस्था करार पाठवते. वीस-पंचवीस पानं, बहुधा इंग्रजीत, आणि ‘आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, उद्यापर्यंत सही करून पाठवा’ असा निरोप. करार वाचून लेखी शेरे देण्यासाठी स्वतंत्र वकील मुंबई-पुण्यात साधारण चार आकडी ते लहानशी पाच आकडी रक्कम घेतो. नवा करार लिहून द्यायचा असेल तर त्याहून जास्त. समोरच्या वकिलाशी वाटाघाटी करायच्या तर त्याचे वेगळे. मोठ्या लॉ फर्म तासावर आकारणी करतात आणि त्यांच्या एका तासाच्या पैशात स्वतंत्र वकिलाकडून अख्खा करार तपासून होऊ शकतो. छोट्या आवृत्तीचं पुस्तक असो की मोठा चित्रपट, आधी मानधन किती आहे ते पाहा आणि त्या मानानं वकील निवडा.

वकिलाकडे जाण्याआधी पुढच्या गोष्टी स्वतः तपासल्या तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

एक, हक्क देणं म्हणजे काय देणं? कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलंच असावं लागतं. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ आणि कोणत्या प्रदेशासाठी हे हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच तयार करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वासाठी’ असे शब्द आवर्जून घातलेले असतात.

दोन, घेतलेले हक्क वापरलेच नाहीत तर? वेगळं काही ठरलं नसेल तर वर्षभर न वापरलेले हक्क परत येतात. करारात हे ‘वेगळं काही’ कुठे दडलं आहे ते शोधा. मराठी कादंबऱ्यांच्या करारात छापील आवृत्तीसोबत ई-बुक, ऑडिओबुक, भाषांतर आणि चित्रपट हे सगळे हक्क एका ओळीत जातात आणि त्यातली निम्मी माध्यमं प्रकाशक कधी हाताळतही नाही.

तीन, रॉयल्टी. २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिणारा लेखक, गीतकार आणि संगीतकार यांना, चित्रपटगृहात चित्रपट दाखवण्याखेरीज इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तसं लिहून घेतलं तरी तो भाग रद्दबातल ठरतो. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ज्या दुरुस्तीसाठी जोर लावला ती हीच. गीतकार-संगीतकारांनी १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं सदस्यत्व घेतलं तर अशी रॉयल्टी गोळा करण्यासाठी वेगळा वकील लागत नाही.

चार, कामाचा मालक कोण? पगारी नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाचा. पैसे घेऊन काढून दिलेल्या फोटोचा किंवा केलेल्या चित्रीकरणाचा हक्क, उलट करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. बाहेरून लिहून दिलेला मजकूर मात्र लेखी हस्तांतरणाशिवाय जात नाही. अमेरिकन करारातून उचललेलं ‘वर्क फॉर हायर’ हे कलम आपल्याकडच्या कागदांत सर्रास दिसतं. ते दिसलं की पेन खाली ठेवा आणि त्याचा अर्थ विचारा.

पाच, नुकसानीची हमी. तुमच्या मजकुरावरून कोणी दावा केला तर सगळा खर्च तुम्ही द्याल, असं कलम बहुतेक करारांत असतं. त्यावर निदान मानधनाइतकी मर्यादा घालून घ्या. हप्ते, श्रेय, करार मोडण्याची अट आणि वाद कुठल्या शहरात चालेल हेही पाहा. लेखक नांदेडचा आणि लवाद दिल्लीत, म्हणजे भांडण सुरू होण्याआधीच संपलं.

सहा, आवाज आणि चेहरा. अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयनं केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ साली रोखली. गायक आणि व्हॉइस आर्टिस्ट यांनी ‘भविष्यातील सर्व तंत्रज्ञान’ या शब्दांवर सही करण्याआधी आवाजाची नक्कल त्यात येते का हे लिहून घ्यावं.

करारावर मुद्रांक शुल्क लागतं हे विसरू नका. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून जिथे १०० रुपयांचा स्टँप चालायचा तिथे ५०० रुपये लागतात. रकमेप्रमाणे जास्त शुल्क बसतं का, आणि ते कोण भरणार, हे आधी ठरवा. पुरेसं शुल्क न भरलेला कागद दंडासह शुल्क भरल्याशिवाय न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

वाद: खर्चाचे जिने

कोणी तुमची कल्पना उचलली असं वाटलं की आधी एक प्रश्न: उचललं ते कल्पना की मांडणी? ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचा लेखक ‘न्यू दिल्ली’ चित्रपटाविरुद्धचा खटला १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात हरला, कारण कल्पनेवर कॉपीराइट नसतो. मात्र कल्पना गुप्ततेच्या अटीवर ऐकवली असेल तर वेगळी वाट आहे. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या २००३च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं मालिकेच्या संकल्पनेला गोपनीय माहिती म्हणून संरक्षण दिलं. म्हणून कथा ऐकवायला जाण्याआधी पाठवलेला एक ईमेल, ज्यात कथेचा सारांश आणि गुप्ततेची ओळ आहे, तो नंतर लाखमोलाचा ठरतो. त्याचा खर्च शून्य.

पहिला जिना: ऑनलाइन तक्रार. यूट्यूबसारख्या मंचांवर तक्रार फुकट करता येते. कॉपीराइट नियमांनुसारही मध्यस्थ संस्थेनं लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत तो मजकूर थांबवायचा असतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो. साध्या चोऱ्या इथेच मिटतात.

दुसरा जिना: वकिलाची नोटीस. चार आकडी ते पाच आकडी खर्च. चढ्या भाषेची नोटीस पाठवायचा मोह आवरा. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरचाच न्यायालयात जाऊन भरपाई मागू शकतो.

तिसरा जिना: मध्यस्थी. कॉपीराइटचा वाद हा व्यापारी वाद मानला जातो. दावा तीन लाख किंवा अधिक रकमेचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर खटल्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. त्यासाठी अर्जाची फी १,००० रुपये. दोन्ही बाजू बसल्या तर मध्यस्थीची फी दाव्यानुसार: दहा लाखांपर्यंत १५,००० रुपये, पन्नास लाखांपर्यंत ३०,००० रुपये. ती निम्मी-निम्मी वाटून भरायची. म्हणजे आठ लाखांच्या वादात तुमचा वाटा ७,५०० रुपये. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीनं आणखी दोन. खटल्याच्या एका तारखेला यापेक्षा जास्त पैसे जाऊ शकतात.

चौथा जिना: खटला. इथे कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर ठरते. भरपाईचा आकडा रागानं फुगवला की फीही फुगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर किंवा फर्म कागद सांभाळते, कौन्सेल, म्हणजे युक्तिवाद करणारा वकील, बाजू मांडतो आणि मोठ्या प्रकरणात त्याच्यावर सीनियर कौन्सेल. एकाच सुनावणीची तीन बिलं येतात ती यामुळे. त्यात ड्राफ्टिंग, कॉन्फरन्स आणि हजेरी या बाबी वेगळ्या. कौन्सेलच्या बिलावर अजूनही ‘जीएम’ हे एकक दिसू शकतं. गोल्ड मोहर, मुंबईच्या हिशेबानं १ जीएम म्हणजे १५ रुपये. ‘१,००० जीएम’ वाचून गोंधळू नका, ते १५,००० रुपये आहेत. तातडीच्या मनाईच्या अर्जापर्यंतचा खर्च सहा आकड्यांत जाणं मुंबईत नवल नाही. जिंकणाऱ्याला खर्च देण्याचा नियम आहे, पण मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकी असेल हे गृहीत धरू नका.

खर्च कमी करण्याची एक कायदेशीर वाट बाहेरगावच्यांनी लक्षात ठेवावी. कॉपीराइटच्या उल्लंघनाचा दावा लेखक स्वतः जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दाखल करू शकतो. साताऱ्याच्या कवीला मुंबईच्या कंपनीविरुद्ध साताऱ्यातच दावा लावता येतो. दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं.

वकील कसा निवडायचा?

‘कॉपीराइट वकील’ असा वेगळा परवाना नसतो. पेटंट एजंटसाठी विज्ञानाची पदवी आणि स्वतंत्र परीक्षा लागते, इथे तसं काही नाही. राज्य बार कौन्सिलची सनद असलेला कोणताही वकील हे काम करू शकतो. म्हणजे पाटीवरचा शब्द तपासून उपयोग नाही, काम तपासावं लागतं. तुमच्याच प्रकारचे किती करार गेल्या वर्षी पाहिले, मुख्यतः करार करता की कोर्टात उभे राहता, हे सरळ विचारा. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दोन्हीत तरबेज असलेला माणूस विरळा. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. ‘नंबर वन मनोरंजन वकील’ अशी जाहिरात दिसली तर ती शिफारस समजू नका.

निर्मात्याचा वकील तुमचा वकील नसतो. ‘आमचे वकील दोघांचंही बघतील’ हे वाक्य फुकट वाटतं, पण ते फार महाग पडतं.

पहिल्या भेटीतच विचारून लेखी घ्यायच्या गोष्टी: फी ठोक की तासावर? त्यात किती फेऱ्यांचे बदल? काम प्रत्यक्ष कोण करणार, तुम्ही की ज्युनिअर? झेरॉक्स, प्रवास, मुद्रांक वेगळे का? पहिल्या सल्ल्याचे पैसे पुढच्या कामात वळते होतात का? पावती मागा.

‘जिंकलो तर वीस टक्के’ असा सौदा करू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा वसुलीत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे. जीएसटीबद्दलही स्पष्टता हवी. व्यवसाय नसलेल्या व्यक्तीला दिलेल्या वकिली सेवेवर जीएसटी नाही. नोंदणीची मर्यादा ओलांडलेल्या व्यवसायांना तो लागतो, पण वकिलाला देऊन नाही, स्वतः सरकारला भरून.

कमी पैशांत मदत, आणि तक्रार कुठे?

महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय मदतवाहिनी १५१००. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची वाद निवारण समिती सदस्यांची बाजू हाताळते.

वकिलानंच फसवलं तर ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये दिला. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करायची, नुकसानीसाठी दिवाणी दावा. फी थकली म्हणून वकील तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही, हे २००० सालीच ठरलं आहे. ही शाश्वती असल्यामुळे काम समाधानकारक नसेल तर वकील बदलायला बिचकू नका.

या क्षेत्रात वकील म्हणून उतरायचं असेल तर

पदवीनंतरचा प्रवेशखर्च वाटतो तितका नाही. सनदेच्या फीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली दिलेल्या निकालानंतर बार कौन्सिल सनदेसाठी कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेऊ शकत नाही: सर्वसाधारण गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. अखिल भारतीय बार परीक्षेची फी सर्वसाधारण गटाला ३,५०० रुपये. बौद्धिक संपदेची तोंडओळख करून देणारा जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. खरा खर्च आहे तो पहिली काही वर्षं तुटपुंज्या पगारावर मुंबईत राहण्याचा, कारण स्टुडिओ, संगीत कंपन्या आणि त्यांचे करार तिथेच आहेत. इंग्रजी कराराचा अर्थ मराठीत नेमका समजावून सांगू शकणारा वकील प्रत्येक मराठी लेखकाला हवा असतो. तिथे जागा रिकामी आहे.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा

खिशात ५०० रुपये असतील तर कृती नोंदवा. काहीच नसतील तर तारखेचे ईमेल जपा. काही हजार असतील तर हातातला करार सहीआधी वकिलाला दाखवा आणि निदान मुदत, रॉयल्टी, नुकसानीची हमी या तीन कलमांवर शेरे घ्या. पन्नास हजार असतील तरी ते कोर्टासाठी राखून ठेवू नका. त्यातले निम्मे करार तपासायला खर्च झाले, तर उरलेल्यांची गरज पडण्याची शक्यता कमी होते. आणि निर्मात्यानं ‘आजच सही करा’ म्हटलं तर एक दिवस मागा. ज्याला खरंच तुमचं काम हवं आहे तो एक दिवस थांबतो.